मोरणेतला फुकटचा बगीचा

शिकागोत कारखान्यांमधून गेलेल्या कालव्यावर चक्क तरंगती बाग केली आहे. ‘वाइल्ड माइल’ तिचं नाव; 2022 मध्ये लोकांसाठी खुली झाली. पाण्यावर तराफे, त्यांवर तिथलीच गवतं नि झुडपं, मुळं खाली लोंबलेली, मुळांत मासे. आमच्या धारणीत ही बातमी ऐकून एक अकोलेकर म्हणाला, “त्यात काय भाऊ, आपल्या मोरनेत असा बगीचा कवाचाच हाय. तोबी फुकट!”

खोटं नाही. अकोल्याच्या मोरणा नदीवर पसरलेली जलकुंभी! फुगीर देठ, जांभळे तुरे; काठावरून पाहिलं तर गाईलाही कुरण वाटावं. एक झुबका उपटून पाहा. मुळांच्या काळ्या जटांबरोबर सगळ्या शहराचं न्हाणीघर हातात येतं.

अकोल्यानं कंबर कसली नाही असं नाही. 13 जानेवारी 2018, शनिवार. 6,000 वर माणसं जलकुंभी काढायला मोरणेकाठी उतरली, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये अकोल्याचं नाव घेतलं. जलकुंभीला त्याचं काय? ती जगते सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. वऱ्हाडातला शेतकरी युरियाच्या एका पोत्यासाठी रांगेत उभा, हिला मात्र नाल्यानाल्यातून घरपोच. लोक वरून उपटत होते, नाले खालून वाढत होते. ती पुन्हा आलीच.

शिकागोवालेही काही साधुसंत नव्हेत. आपली घाण पिण्याच्या तळ्यात जाऊ नये म्हणून 1900 मध्ये त्यांनी नदीच उलटी वाहवली आणि ती घाण खालच्या गावांकडे लोटून दिली. पण पुढं शतकभर सांडपाणी आवरत आणलं, मग बाग तरंगवली. आपल्याकडं बाग आधी सुचते. बागेची फीत कापता येते, गटाराच्या पाइपाचा फोटो कोण छापणार?

आम्ही धारणीकर लांबून शहाणपण शिकवतोय, हे कबूल. आमची तापी बरी आहे, त्यात आमचा सद्गुण थोडा, कारखाने नसणं फार. मात्र मोरणा पूर्णेत जाते आणि पूर्णा चांगदेवला त्याच तापीत. म्हणजे माहेरून धडधाकट निघालेल्या नदीला पुढं काय पाजलं जातं, ते विचारायचा हक्क आमचाही आहे.

तरीही तरंगती बाग करायचीच असेल तर खुशाल करा. पहिला बाक तेवढा नाल्याच्या तोंडाशी टाका. उद्घाटनाची भाषणं तिथंच होऊ द्या, मे महिन्यात, दुपारी, पंखा न लावता.