सगळं सेट आहे?

लग्नाच्या मांडवात, कॉलेजच्या कट्ट्यावर, तहसील कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक शब्द दिवसभर कानावर पडतो : सेट. दागिन्यांचा सेट, कपबशांचा सेट, टेनिसचा सेट, सिनेमाचा सेट. केस सेट करायचे, अलार्म सेट करायचा, नव्या गावात सेट व्हायचं, नाश्त्याला सेट डोसा खायचा.

इंग्रजीत तर या शब्दाचा पसारा अफाट आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये आली, तेव्हा तिच्यातली सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. सुमारे ६०,००० शब्दांची! नुसत्या क्रियापदाचे अर्थ ४३०. त्याला जोडून येणारे वाक्प्रचार वेगळे. पुढे कोशाची नवी उजळणी सुरू झाली आणि हा मान आधी ‘मेक’कडे, मग ‘पुट’कडे आणि २०११ मध्ये ६४५ अर्थांच्या ‘रन’कडे गेला. चार-पाच अक्षरांच्या आतले हे शब्द. भाषेचं निम्मं ओझं असेच साधे शब्द वाहतात.

‘सेट’ खरं तर दोन शब्द आहेत. समूह या अर्थाचा ‘सेट’ लॅटिन ‘सेक्टा’पासून फ्रेंचमार्गे आला, गणितात ज्याला आपण संच म्हणतो तो हा. क्रियापदाचा ‘सेट’ मात्र जुन्या इंग्रजीतलाच, ‘सिट’चं प्रयोजक रूप. सिट म्हणजे बसणं, सेट म्हणजे बसवणं. आणि त्याचं नातं थेट आपल्या ‘सद्’ धातूशी आहे. सदन, सभासद, परिषद, उपनिषद, संसद ही सगळी त्याच कुळातली मंडळी. जिथे माणसं एकत्र बसून विचार करतात, त्या जागांना आपण या धातूवरून नावं दिली.

‘बसवणं’ ही किल्ली हातात आली की इंग्रजीतले बरेच अर्थ उलगडतात. मोडलेलं हाड जागेवर बसतं, हिरा कोंदणात बसतो, ओलं सिमेंट घट्ट बसतं. मराठीने यातल्या प्रत्येक कामाला आपापलं क्रियापद दिलेलं आहे. सूर्य मावळतो. दही लागतं. हिरा जडवतात, ताटं मांडतात, गाण्याला चाल लावतात, तारीख ठरवतात, सापळा रचतात. इंग्रजी जिथे एका शब्दावर भागवते, तिथे मराठी काम बघून शब्द देते. तरीही आपण ‘सेट’ घेतला, यात काही बिघडलं नाही. टेबल आणि स्टेशन रुळले, तसा हाही रुळला. उसन्या शब्दांनी भाषा मरत नाही.

माझं भांडण त्याच्या एकाच रूपाशी आहे. ते रूप म्हणजे ‘सेटिंग’.

मोबाइलमधली सेटिंग ठीक. पण ‘त्याची वरपर्यंत सेटिंग आहे’, ‘टेंडर सेट झालंय’, ‘काळजी करू नका, सेटिंग लावतो’, हा अर्थ आपल्याकडे घडला आणि आपणच तो घरोघरी नेला. लाच, वशिला, संगनमत, पेपरफुटी, निकालात फेरफार या सगळ्यांना पुरून उरणारा हा एकच शब्द झाला आहे. त्याचा धोका त्याच्या व्याकरणात आहे. ‘लाच दिली’ म्हटलं की विचारता येतं : कोणी? कोणाला? किती? ‘पेपर फोडला’ म्हटलं की फोडणारा समोर उभा राहतो. ‘वशिला लावला’ म्हटलं तरी लावणाऱ्याला थोडी लाज वाटायची, म्हणून ते हळू आवाजात बोललं जायचं. ‘सेटिंग झाली’ या वाक्यात देणारा नाही, घेणारा नाही, पैसे नाहीत, आणि ज्याचा हक्क गेला तो तर नाहीच नाही. फोनचा आवाज कमी-जास्त करावा इतकं ते निरुपद्रवी ऐकू येतं. म्हणूनच ते मोठ्याने बोलता येतं. चारचौघांत, मुलांच्या देखत.

याचा चटका कुठे बसतो ते बघायचं तर प्राध्यापक होऊ पाहणाऱ्या पोरांकडे बघा. ‘सेट’ नावाची परीक्षा आहे, राज्य पात्रता परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, रिक्षावाल्याच्या घरातली मुलं वर्षानुवर्षं अभ्यास करून ती पास होतात. मग तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काहीच नाही. वय वाढत जातं, घरचे लग्नाचं विचारत राहतात. कधीतरी कायम जागेची जाहिरात येते. अर्ज भरून होतो, आणि ओळखीचा कोणीतरी सल्ला द्यायला येतो. तो विषयाचं विचारत नाही, प्रबंधाचं विचारत नाही. तो विचारतो, ‘सेटिंग आहे का?’ पात्रतेची परीक्षा या मुलाने दिली. ती पुरेशी नाही, हे त्याला सांगणारा माणूस त्याचा शत्रूही नसतो. त्याच्या भल्याचंच सांगतोय, असं त्या माणसाला मनापासून वाटत असतं. इतका हा शब्द आपल्या अंगवळणी पडला आहे.

आणि मुलाकडे पैसे नसतात, तेव्हा वर्गात शिकवण्यासाठी सर्वांत लायक असलेला माणूस वर्गाबाहेर राहतो. नुकसान त्या एकट्याचं होत नाही. पुढची तीस वर्षं त्या बाकांवर बसणाऱ्या प्रत्येक पोराचं होतं. पैसे मोजून आलेला माणूस वसुलीच्या हिशेबानेच खुर्चीवर बसतो.

कायद्याने या शब्दाचा मुलाहिजा ठेवलेला नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लोकसेवकाला लाच देणं हादेखील थेट गुन्हा आहे, आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बळजबरीने द्यावी लागली, तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला संरक्षण आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा फोन क्रमांक १०६४ आहे. म्हणजे मार्ग आहे, क्रमांक आहे, कलमही आहे. पण तक्रार करायची तर आधी गुन्ह्याला गुन्हा म्हणावं लागतं. ‘साहेब, सेटिंग झाली’ अशी फिर्याद कोणत्याही कागदावर लिहिता येणार नाही. तिथे नाव लागतं, रक्कम लागते, तारीख लागते. हा शब्द त्या तिन्ही गोष्टी पुसतो.

म्हणून एक मागणं आहे, आणि ते आधी घरातल्यांकडे आहे. मुलाला नोकरी लागावी म्हणून ‘कुठे सेटिंग होते का बघा’ असं आपण सहज म्हणतो, ते बंद करू या. त्याऐवजी पूर्ण वाक्य बोला : ‘दुसऱ्या कोणाच्या तरी हक्काची जागा आपण पैसे देऊन आपल्या मुलासाठी घेऊ या का?’ हे वाक्य जेवणाच्या ताटावर, मुलासमोर, त्याच्या डोळ्यांत बघून म्हणून दाखवा. म्हणता आलं नाही, तर पैसेही देऊ नका.