अंगठेबहाद्दर अण्णा

वाळूजच्या कुठल्याही कारखान्यात जा, डिस्पॅचच्या टेबलाशी एक अण्णा बसलेले असतात. गाव पैठण, गंगापूर नाहीतर बदनापूर, राहायला सिडकोत, नोकरीला वीसेक वर्षं झालेली. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला, मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्यांची रांग लागली आणि त्या रांगेतल्या प्रत्येक शेडला एकेक अण्णा लाभले. माणूस तोंडाचा गोड. अंगठ्याचा मात्र भयंकर.

तोंडाचं आधी पाहू. क्वालिटीतल्या ताईंकडून रिजेक्शनचा रिपोर्ट हवा असला, की अण्णा स्वतः जिना चढून वर जातात. “काय करायलेत ताई? जेवण झालं का?” इथून सुरुवात. मग ताईंच्या मुलाची दहावी. मग जायकवाडी किती टक्के भरलं आणि तरी आपल्या नळाला पाणी किती दिवसांनी येतं, यावर दोघांचं एकमत. मग अण्णा उठतात, निघतात आणि दारात वळून, जणू आत्ताच आठवलं अशा बेतानं म्हणतात, “ते तेवढं रिपोर्टचं पाहा न जरा.” तो ‘न’ ते असा लांबवतात, की नाही म्हणायची सोयच उरत नाही. तिथून ट्रकवाल्याकडे गेले, की भाषाच पालटते: “क्या मियाँ, आज गाडी निकाल देते ना?” दखनीत लिहिणाऱ्या कवी वली औरंगाबादीचं गाव आहे हे. इथे गळ घालायची ती दखनीतच.

हेच अण्णा खुर्चीत बसून मोबाइल हातात घेतात, तेव्हा कंपनीच्या ग्रुपवर उमटतं: “रिपोर्ट?”

दहा मिनिटांनी: “कामून नाही आला.” आणि मग नुसतं: “अर्जंट.”

जेवण गेलं, जायकवाडी गेलं, दारातलं वळणं गेलं, राहिला हुकूम. ग्रुपमध्ये प्लांट हेडही असतात. सगळ्यांदेखत पाणउतारा केला म्हणून ताई दोन दिवस बोलत नाहीत, आणि अण्णा खरोखरच चकित होतात. “मी तर प्रेमानं विचारलं होतं!”

ते खोटं बोलत नाहीत. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही वाक्यं उपरोधानं, काही गंभीरपणे, कधी ई-मेलनं तर कधी आवाजातून पाठवायला त्यांनी लोकांना सांगितलं. पाठवणाऱ्यांची खात्री अशी, की शंभरात ७८ वेळा तरी आपला सूर समोरच्याला कळेल. आवाजातून तो ७३ वेळा कळला. ई-मेलमधून ५६ वेळा. नुसतं नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास जमलं असतं. लिहिणाऱ्याला आपला आवाज मनात ऐकू येत असतो, म्हणून हा घोळ. अण्णाही टाइप करताना ‘न’ लांबवतातच. तो वरच्या मजल्यावर पोचत नाही, एवढंच.

उलटी गंमतही होते. पुण्याहून नवी आलेली इंजिनिअर लिहिते, “अण्णा, वेळ मिळाला तर गेज कॅलिब्रेशनला पाठवता येतील का? तशी घाई नाही.” अण्णांनी वाचलं, वेळ मिळाला नाही, विषय संपला. चौथ्या दिवशी ऑडिटर आला आणि मुदत उलटलेलं गेज नेमकं त्याच्याच हाती लागलं. “मी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “बाई, घाई नाही म्हणल्या न तुम्ही?” इथे अण्णांचीच बाजू घ्यावीशी वाटते. घाई असताना ‘घाई नाही’ लिहिणाऱ्याचं माणसानं करायचं काय?

कशालाही उत्तर म्हणून अण्णा अंगठ्याचं चित्र पाठवतात. नव्या पोरांना त्यात “बरं बरं, निघा आता” ऐकू येतं. अण्णांच्या लेखी त्याचा अर्थ “वाचलं” इतकाच. कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये २०२३ साली न्यायालयानं असाच एक अंगठा सही म्हणून धरला आणि जवसाचा सौदा न पाळणाऱ्या शेतकऱ्याला ८२ हजार डॉलरांवर भरपाई द्यायला लावली. ही बातमी पोरांनी मुद्दाम अण्णांना वाचून दाखवली. “तिकडं बी जवस पिकतं का?” अण्णांनी विचारलं.

शेवटी एचआरनं बोलावून सांगितलं, अण्णा, जरा सभ्य भाषेत लिहीत जा. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचा कारभार या शहरातून चालतो, त्यामुळे प्रत्येक अण्णांना एक तरी मेहुणा सरकारी कार्यालयात असतोच. त्याच्याकडून मसुदा आला, तो अण्णांनी जसाच्या तसा ताईंना पाठवला: “उपरोक्त विषयी आपणांस कळविण्यात येते की, सदर अहवाल आज सायंकाळी ५ वाजेपर्यंत न चुकता सादर करावा, ही विनंती.”

ताईंना घाम फुटला. इतक्या वर्षांत अण्णा कधी ‘आपणांस’ म्हणाले नव्हते. त्यांनी गेल्या महिन्यातली स्वतःची रजा आठवून पाहिली, स्टोअरला फोन लावून “काही चौकशी लागलीय का?” विचारलं, आणि दुपारी तीनलाच रिपोर्ट तीन प्रतींत, प्लांट हेडना माहितीसाठी एक प्रत जोडून, अण्णांच्या टेबलावर ठेवला. अण्णा जाम खूश. ट्रकवाल्यासाठीही असंच काहीतरी लिहून दे म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी मेहुण्याला गाठलं.