आमच्याकडून सगळं ओके आहे!

महापे, रबाळे, ऐरोली. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने इथे डेटा सेंटरांची दाट वस्ती आहे. बिनखिडक्यांच्या त्या अजस्र इमारतींत देशभराचे फोटो, बँकांचे हिशेब आणि ‘सुप्रभात’चे संदेश चोवीस तास एसीत पहुडलेले असतात. तिथून कोपरखैरण्याची एखादी सोसायटी म्हणजे फार तर रिक्षाचं भाडं. पण माहितीला रिक्षा करता येत नाही. तिला डक्टमधून चढून, गच्चीवरून उतरून, खिडकीच्या फटीतून घरात यावं लागतं आणि नेमकं तिथेच घोडं अडतं.

नेट गेलं की पहिला फोन कस्टमर केअरला. ‘सर, राउटर बंद करून चालू केलात का?’ केला. ‘आमच्याकडून सगळं ओके दाखवतंय.’ केबलवाला म्हणतो, बॉक्सपर्यंत सिग्नल आहे, लोचा तुमच्या मशिनमध्ये. मशिनवाला म्हणतो, विंडोज नव्याने टाकावी लागेल. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, डक्ट आमची, वायरी त्यांच्या. आणि जाता जाता मेंटेनन्सची आठवण करून देतात. तासाभरात सगळ्यांनी मिळून सिद्ध केलेलं असतं की सगळं उत्तम चाललंय, फक्त नेट नाही.

मग घरातला इंजिनिअर भाचा पुढे सरसावतो. ‘मामा, १२७.०.०.१ ला पिंग कर.’ हा पत्ता म्हणजे तो संगणक स्वतःच. त्याने स्वतःला विचारायचं, ‘बरा आहेस ना?’ आणि स्वतःच सांगायचं, ‘झकास!’ तार उपटून हातात घेतली तरी उत्तर हेच. आपल्याकडची बरीच खाती स्वतःचं मूल्यमापन याच पद्धतीने करतात, असा आमचा जुना संशय आहे.

कधी तार ठीक असते, पण राउटर संगणकाला पत्ताच देत नाही. थोडा वेळ वाट पाहून संगणक १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आपला आपणच घेतो. गरजेपोटी! गावठाणांत परवानगीविना बांधलेल्या ‘गरजेपोटी’ घरांचं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं ऐकणाऱ्या नवी मुंबईकराला पुढचं सांगायला नको. पत्ता आहे, राहणारा आहे, पण बाहेर त्याला कोणी ओळखत नाही.

शेवटी कंपनीचा ‘मुलगा’ येतो. (वय कितीही असो, तो मुलगाच.) पाठीला सॅक, खिशात क्रिम्पिंगची पक्कड. तो स्क्रीनकडे बघतही नाही. थेट वाकून पोर्टजवळचा दिवा बघतो. विझलेला. प्लगवरची नखाएवढी प्लास्टिकची जीभ कपाट सरकवताना तुटलेली असते आणि प्लग नुसता भोकात टेकलेला असतो. मुलगा टोक छाटतो, वरचं आवरण सोलतो, पीळ सोडवून आठ तारा ओळीने लावतो: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. नवा प्लग, पकडीचा एक ‘कट्ट’, आणि दिवा लुकलुकतो. चहा तयार होण्याआधी तो ओटीपी घेऊन जिना उतरलेलाही असतो.

खरी गंमत नंतर कळते. बिल ३०० एमबीपीएसचं आणि स्पीड १०० च्या पुढे हलत नाही. त्याचं कारण सोपं आहे. शंभरपर्यंत केशरी आणि हिरवी या दोन जोड्यांवर भागतं. त्यापुढची पायरी हजाराची, तिच्यासाठी चारही जोड्या शाबूत लागतात. निळ्या-तपकिरीतली एक तार आत तुटली, की दोन्ही टोकांची यंत्रं मुकाट्याने शंभरावर तडजोड करतात. दिवा पेटतो, तक्रार बंद होते, ‘पाच स्टार द्या’ असा मेसेजही येतो. दोनशेचा हिशेब कोणाकडे मागायचा? त्यांच्याकडून सगळं ओके असतं.

तेव्हा वाचकहो, फोन लावण्याआधी तो दिवा बघा. विझलेला असेल तर आयपी, डीएनएस असली मंत्रावळ कोणालाही म्हणू देऊ नका; आधी तार बदलून पाहा. विकत घेताना ‘पूर्ण तांब्याची’ असं ठणकावून सांगा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेलीही बाजारात मिळते, स्वस्त पडते आणि दोनचारदा वाकवली की आतून तुटते.