एलटीसीवर तळकोकण: सरोजिनी नगरकरांसाठी अधिकृत मार्गदर्शन

सदर मार्गदर्शन केंद्र सरकारच्या सेवेत असलेल्या, सरोजिनी नगरात किंवा आसपास क्वार्टर मिळालेल्या आणि दरवर्षी ‘यंदा कोकणात जायचंच’ असं म्हणून शेवटी मसुरीला जाऊन येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे. इतरांनी वाचायला हरकत नाही, मात्र त्यांना अग्रिम मिळणार नाही.

प्रवासाची सुरुवात स्टेशनवर होत नाही, सर्व्हिस बुकात होते. तिथे ‘होमटाउन’च्या रकान्यात काय लिहिलं आहे ते आधी पाहून घ्यावं. बऱ्याच जणांच्या तिथे आजोबांनी सोडलेलं कुडाळ किंवा देवगड तालुक्यातलं एखादं गाव असतं. हा रकाना अख्ख्या नोकरीत एकदाच बदलता येतो, त्यामुळे वडिलांशी भांडण झालं म्हणून घाईने बदलू नये. चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये एकतर दोनदा गावी जाता येतं, किंवा एकदा गावी आणि एकदा भारतात कुठेही. 2022-25 चा ब्लॉक झोपेत गेला असेल तर 2026 अखेरपर्यंत तो वापरता येतो. सरकार दयाळू आहे.

आता तळकोकण ‘गाव’ म्हणून पाहायचं की ‘भारतात कुठेही’ म्हणून, हा निर्णय कुटुंबप्रमुखाने नीट विचार करून घ्यावा. गाव म्हणून गेलात तर काकांच्या पडवीत उतरावं लागतं, देवाला गाऱ्हाणं घालावं लागतं, आणि तिसऱ्या दिवशी चहाबरोबर सातबारा बाहेर येतो. मग सिंधुदुर्ग किल्ला राहतो बाजूला आणि तुम्ही मागच्या परसातल्या चार फणसांच्या हद्दीवर मत देत बसता. आमचा स्पष्ट सल्ला: ‘भारतात कुठेही’खाली जा, देवबागला होमस्टे घ्या आणि काकांना निघायच्या आदल्या दिवशी फोन करा.

रजा कधी टाकायची हे तुम्ही नाही, तुमचे सेक्शन ऑफिसर ठरवतात. तरी त्यांच्या कानावर घालून ठेवा की पावसाळ्यात मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्याच्या होड्या बंद असतात. साहेबांनी जुलैतली रजा मंजूर केली तर समुद्र लांबूनच पाहावा लागेल. गणपतीत जाण्याचा विचार तर मनातही आणू नये. तेव्हा कोकण रेल्वेच्या सगळ्या गाड्यांवर मुंबईकर चाकरमान्यांचा वंशपरंपरागत हक्क असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. शिवाय दिल्लीची हवा तेव्हाच सर्वांत वाईट असते, म्हणजे रजेच्या अर्जात कारण शोधावं लागत नाही.

खरेदीसाठी बाहेर जायची गरज नाही, बाजार दारातच आहे. सोमवार सोडून कुठल्याही दिवशी जावं. एक्स्पोर्टच्या ढिगातून समुद्रकिनाऱ्याला शोभतील असे फुलाफुलांचे शर्ट, मोठ्या काठाच्या टोप्या, एक बाही थोडी लांब असलेले फ्रॉक घ्यावेत. हे सगळं तारकर्लीच्या वाळूत चालतं. मालवणच्या बाजारपेठेत घालून हिंडलात तर मात्र संध्याकाळपर्यंत वर्णन काकांपर्यंत पोहोचतं.

या बाजारात वर्षानुवर्षं कमावलेलं घासाघीशीचं शास्त्र सोबत नेऊ नये, हा या मार्गदर्शनातला सर्वांत महत्त्वाचा नियम. सरोजिनीत तीनशे म्हटलं की आपण शंभर म्हणतो, पाठ फिरवून चार पावलं चालतो आणि मागून ‘अच्छा मॅडम, ले जाओ’ ऐकू येतं. मालवणच्या धक्क्यावर हा प्रयोग करणाऱ्यांचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. बांगड्यांचा वाटा समोर असतो, डोळे लख्ख, कल्ले लाल. आपण अर्धी किंमत सांगतो. मासेवाली काही बोलत नाही. वाट्यावर थोडं पाणी शिंपडते, ओल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारते आणि पलीकडच्या गिऱ्हाइकाकडे वळते. आपण ठरल्याप्रमाणे चार पावलं चालतो. मागून आवाज येत नाही. आणखी दोन पावलं. मग स्वतःच परत येतो, तेव्हा ऐकायला मिळतं: “परवडना नाय तर ठेवा थंयच.” तोवर निम्मा वाटा दुसऱ्याच्या पिशवीत गेलेला असतो. आयएनए मार्केटात बर्फातला सुरमईचा तुकडा घेताना दाखवतो तो रुबाब इथे कुणी मोजत नाही.

प्रवास दक्षिणेचा असला तरी मेट्रो आधी पूर्वेला नेते. सरोजिनी नगरहून गुलाबी मार्गिकेने गाडी न बदलता निजामुद्दीन गाठता येतं. वाटेत चौथा थांबा विनोबापुरी. विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, तेव्हा तत्त्वतः कोकण तिथेच सुरू झालं असं मुलांना सांगावं. ती मोबाइलमधून मान वर काढणार नाहीत. निजामुद्दीनहून मंगला एक्स्प्रेस धरावी. ही भुसावळ, नाशिक, कल्याण, पनवेल करत रत्नागिरी गाठते. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर 26 जानेवारी 1998 रोजी सुरू झाली आणि तिच्यावर नव्वदहून जास्त बोगदे आहेत, त्यामुळे ऑफिसचा फोन आपोआप कटतो. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. नको असलेला फोन तो येण्याच्या सुमारास उचलावा.

किल्ले पाहताना सरकारी माणसाची नजर कामाला येते. सिंधुदुर्गाचं बांधकाम 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर सुरू झालं आणि 1667 मध्ये पूर्ण झालं. काम पाहणारे हिरोजी इंदुलकर. भर समुद्रात, पायात शिसं ओतून, तीन वर्षांत. मुदतवाढीचा प्रस्ताव कुठे सापडत नाही. मुख्य दरवाजा तटाच्या वळणात असा दडवला आहे की बाहेरून दिसत नाही. दिल्लीतल्या भवनांत चुकीच्या गेटवर उभं राहायची सवय असलेल्यांना हे विशेष परकं वाटणार नाही. आत खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव आहेत, आणि शिवाजी महाराजांचं देऊळ आहे. परतताना किनाऱ्यावरच्या राजकोटावरही एक नजर टाकावी. तिथे 4 डिसेंबर 2023 रोजी अनावरण झालेला महाराजांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. समोरचा किल्ला साडेतीनशे वर्षं लाटा खात उभा आहे. या दोन नोंदी एकाच पानावर लिहू नयेत, वरिष्ठ विचारतात.

विजयदुर्गावर गाइड तुम्हाला ‘साहेबाचे कट्टे’ दाखवेल आणि 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकयर साहेबाने इथूनच हेलियम शोधला असं सांगेल. ग्रहण खरं, तारीख खरी. लॉकयर मात्र तेव्हा इंग्लंडात होता आणि त्याने सूर्याचा वर्णपट तिथूनच ऑक्टोबरात पाहिला. त्या दिवशीच्या ग्रहणात महत्त्वाचं निरीक्षण करणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जॅन्सन गुंटूरला होता. हे गाइडला सांगू नये. जो साहेब जागेवर नव्हता त्याची हजेरी लागणं आपल्याला अपरिचित नाही.

सावंतवाडीला मोती तलावाला एक फेरी मारून राजवाड्यात गंजिफा पाहावा. दशावतारी गंजिफ्यात 120 गोल पत्ते असतात, प्रत्येक अवताराचे बारा. हिवाळ्यात लंच टाइमला उद्योग भवनाच्या आसपास गवतावर पत्ते कुटणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. एक डाव संपेपर्यंत पाच वाजतात. लाकडी खेळणी चितार आळीत मिळतात. वेंगुर्ल्याची डच वखार मोडकळीला आली आहे, पण उभी आहे. आपल्या कॉलनीचा पुनर्विकास 2016 साली मंजूर होऊन जुनी क्वार्टर्स पडली ती पाहिलेल्यांना तिच्याबद्दल थोडा हेवा वाटेल.

बेटांमध्ये देवबागच्या संगमावरचं ‘त्सुनामी आयलंड’ म्हणजे कर्ली नदीच्या मुखावरचा वाळूचा पट्टा. ते पाहायचं तर ओहोटीची वेळ धरावी लागते. होडीवाल्याला ‘साडेदहाला निघू’ असं सांगून उपयोग नसतो. तो पाण्याकडे बघतो आणि सांगतो ती वेळ. त्यावर अपील नाही. मालवणच्या समुद्राचा 29 चौरस किलोमीटरचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा स्कूबा करताना प्रवाळावर पाय देऊन फोटो काढू नयेत. आंबोलीला धबधब्याखाली गाडीचे स्पीकर लावून नाचणाऱ्यांत दिल्लीकर सहसा नसतात, तो मान बेळगाव-कोल्हापूरकडच्या पाहुण्यांकडे आहे. तिथल्या हिरण्यकेशीच्या उगमाजवळ राहणाऱ्या एका चिमुकल्या माशासाठी ती जागा 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. मासा बोटाएवढा आहे, रश्श्याचा विचार करू नये. जांभ्याच्या सड्यावर पहिल्या पावसात बाहेर येणारा आंबोलीचा बेडूकही जगात फारसा कुठे नाही. गाडी जपून मागे घ्यावी.

जेवणाबद्दल मार्गदर्शनाची गरज नाही. फक्त सोलकढीला ‘पिंक लस्सी’ म्हणू नये.

परत आल्यावर अग्रिम घेतलं असेल तर एक महिन्याच्या आत क्लेम सादर करावा, नसेल तर तीन महिन्यांत. क्लेम फक्त प्रवासभाड्याचा असतो. किल्ल्याच्या होडीचं भाडं, स्कूबा, रिक्षा, बाजारातलं खाजं आणि आमसुलांची पिशवी यांपैकी काहीही त्यात बसत नाही. जोडू नका, फाइल परत येते.