गाडी आमची, ओटीपी त्यांचा

"काकू, कढीपत्ता घेतलाय हो दोन काड्या. आणि तुमच्या नारळाकडे जरा बघा. झावळी वाळून पार आमच्या गाडीवर लोंबतेय."

"आत्ता गं बाई! इतकी वर्षं लोंबतेय, तेव्हा नाही दिसली. गाडी आली तशी नजर वर गेली का तुझी?"

"तसं नाही हो. झावळी पडली तर पडू दे, पण सध्या पडायला नको. इन्शुरन्सचा घोळ झालाय."

"म्हणजे काढलाच नाही?"

"आहे की! पण साहेबांच्या नावावर. यांच्या ऑफिसातल्या साहेबांची वॅगनआर आपण घेतली ना. गाडी बाकी ठेवलीय हो त्या माणसानं, मागच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. आरटीओत कागद गेले, आरसीवर यांचं नाव लागलं, आम्ही पेढे वाटून मोकळे. हे म्हणाले, पॉलिसी मार्चपर्यंत आहे, आता मार्चला बघू. मग माझा मावसभाऊ आला. तो सर्व्हेअर आहे, ठोकलेल्या गाड्या बघत फिरतो. चहा घेता घेता म्हणाला, ताई, पॉलिसी नावावर केलीस का? मी म्हटलं, गाडीबरोबर आलीच ना ती. तर म्हणाला, अर्धीच आली."

"अर्धी पॉलिसी?"

"हो ना! तुम्ही कुणाला धडकलात तर त्याची भरपाई होते. ती थर्ड पार्टी, ती गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते. मोटार वाहन कायद्यात 157 कलमच आहे तसं. पण आपल्या गाडीचं काही झालं, ठोकली, चोरीला गेली, नारळ पडला…"

"आमच्या नारळाला कशाला मधे घेतेस?"

"बरं, आंबा पडला. तर कंपनी म्हणणार, आमचा करार साहेबांशी, तुम्ही कोण? म्हणून गाडी नावावर झाली की 14 दिवसांच्या आत कंपनीला कळवायचं, पॉलिसी फिरवून घ्यायची. एवढंच काम. मला वाटलं, एक फोन लावला की झालं."

"मग?"

"मग काय, लावा फोन! आधी बाई गोड आवाजात सांगते, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग याच्यासाठी एक दाबा, त्याच्यासाठी दोन दाबा. नवीन पॉलिसीसाठी एक, रिन्यूअलला दोन, क्लेमला तीन. नाव बदलायला कुठलाच आकडा नाही! शेवटी नऊ दाबला. म्हणे पॉलिसी नंबर टाका. तो लांबलचक, मधे आडव्या रेघा, त्या फोनवर दाबायच्या कुठून? तोही टाकला. तर म्हणते, आपल्या रजिस्टर्ड मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे."

"मग टाकायचा."

"रजिस्टर्ड मोबाइल साहेबांचा! आणि साहेबांची बदली झालीय रत्नागिरीला. इकडे ती बाई थांबलीय, तिकडे मी दुसऱ्या फोनवरून साहेबांना लावतेय, तर ते आंबा घाटात, रेंज नाही. घाट उतरून त्यांनी फोन केला तोवर ओटीपी मेला. पुढच्या खेपेला रेंज होती, तर म्हणतात कसे, वहिनी, ओटीपी कुणालाही सांगू नका असा बँकेचा मेसेज आलाय."

"अगं बाई! माणूस शहाणा की…"

"शहाणाच म्हणायचा. चूक त्यांची नाहीच. गाडी आमच्या दारात, हप्ता त्यांनी भरलेला, नि कंपनी ओळखते ती फक्त त्या मोबाइलला. मग ॲपवर गेले. तिथं एक चॅटबॉट. मी मराठीतून लिहिलं, इंग्रजीतून लिहिलं, ओनरशिप ट्रान्सफर, ओनरशिप ट्रान्सफर. ती म्हणते, सॉरी, मला समजलं नाही, नवीन पॉलिसी घ्यायची आहे का? नवीन पॉलिसी दोन मिनिटांत. पैसे घेणारा दरवाजा सताड उघडा हो."

"ऑफिस नाही का त्यांचं इथं?"

"पॉलिसीवर पत्ता छापलाय, विश्रामबागेतला. गेले तर तिथं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. तो पोरगा म्हणाला, तुमच्यासारखे रोज येतात. ईमेल केला, तर लगेच तक्रार क्रमांक आला. मला बरं वाटलं. संध्याकाळी दुसरा ईमेल, आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे, पाचपैकी किती स्टार द्याल?"

"दिलेस?"

"देतेय! शून्य देता येत नाही, एकापासून सुरू होतं. मग आरटीओबाहेर बसतात ना पत्र्याच्या शेडमधे, त्या एजंटकाकांकडे गेले. ते हसले. म्हणाले, साहेबांनी ऑनलाइन घेतलेली, मी काय करणार? माझ्याकडची असती तर शाखेत जाऊन शिक्का आणला असता. साहेबांनी कमिशन वाचवलं म्हणे. बघा काकू, थर्ड पार्टीचा दर सगळीकडे सारखाच, सरकारच ठरवतं. हजार सीसीच्या आतल्या गाडीला 2022 साली 2094 ठरवला. मग ह्या कंपनीत नि त्या कंपनीत फरक काय? फोन कोण उचलतं, एवढाच. जाहिरातीत हे सोडून सगळं असतं."

"मग शेवटी झालं का नाही?"

"मावसभावानं सांगितलं, तक्रारीचा ईमेल कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला कर आणि 155255 ला फोन लाव. तो आयआरडीएआयचा, म्हणजे सगळ्या विमा कंपन्यांवर जे बसलेत त्यांचा. बीमा भरोसा म्हणून पोर्टल आहे, तिथं तक्रार नोंदवली. त्यातूनही नाही जमलं तर पुण्याला विमा लोकपाल आहेत. तिथं फी नाही, वकील नाही. पण त्याआधी कंपनीला लेखी कळवून महिनाभर वाट बघायची. म्हणून तो स्टारवाला ईमेलसुद्धा जपून ठेवला मी. आणि काय सांगू काकू, फोन आला! खराखुरा माणूस, खोकत होता. मला इतकं बरं वाटलं त्याच्या खोकल्यानं!"

"म्हणजे झालं?"

"कसलं झालं? गाडीचा व्हिडिओ पाठवा म्हणाला. चारी बाजूंनी फिरून, इंजिन चालू करून, चॅसी नंबर, किलोमीटरचा काटा, सगळं दिसलं पाहिजे. हे बॉनेट उघडून उभे, मी गोल फिरतेय. पहिला व्हिडिओ नाकारला, नंबर प्लेटवर ऊन चमकत होतं. दुसऱ्यात तुमच्या दोन साड्या आल्यात वाळत घातलेल्या, तो पास झाला. आरसी दिली, साहेबांची ना-हरकत दिली. आता वर पैसे भरायचे."

"पैसे? पॉलिसीचे भरलेले आहेत ना?"

"साहेबांनी पाच वर्षं क्लेम केला नव्हता, म्हणून त्यांना 50 टक्के सूट. नो क्लेम बोनस. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. साहेब तो घेऊन गेले नव्या गाडीला. तेव्हा उरलेल्या महिन्यांची सूट आम्ही भरायची. ते रास्त आहे हो, मी काही बोलले नाही. आणि त्या बोनसच्या सर्टिफिकेटापायीच साहेबांनी शेवटी तोंडातून ओटीपी काढला, नाहीतर अजून बँकेचा मेसेज वाचत बसले असते."

"आमच्या धाकट्याच्या स्कूटरला बाई ही कटकट नाही. शोरूमवाल्यानं एकदम पाच वर्षांचा काढून दिलाय."

"कधी घेतली हो ती?"

"2019 च्या दसऱ्याला नाही का, तू श्रीखंड दिलं होतंस."

"काकू, 2018 च्या सप्टेंबरपासून नवी दुचाकी घेतली की पाच वर्षांची थर्ड पार्टी सक्तीची झाली, चारचाकीला तीन. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं. पण ती पाच वर्षं नुसती थर्ड पार्टी! स्कूटरचं स्वतःचं बहुतेक एकाच वर्षाचं असतं. आणि 2019 ची पाच वर्षं 2024 ला संपली."

"काहीतरीच! कुणी कळवलं नाही आम्हाला."

"कळवलं असेल, जुन्या नंबरवर. धाकट्यानं सिम बदललं ना पुण्याला गेला तेव्हा?"

"बदललं. अगं, पण तो आत्ता तीच घेऊन मार्केट यार्डात गेलाय! पोलिसानं धरलं तर?"

"पहिल्यांदा 2000, परत सापडला तर 4000. दंडाचं सोडा, कुणाला धक्का लागला तर सगळं तुमच्याच डोक्यावर. आधी त्याला फोन लावा, स्कूटर तिथंच कुणाच्या दुकानाशी लाव नि रिक्षानं ये म्हणावं."

"लावते, लावते. आणि कागद कुठं ठेवलाय देव जाणे, कपाटात की यांच्या पिशवीत. तू जाऊ नकोस, थांब इथंच. त्या एजंटकाकांचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. पण त्यांना सांगा, पॉलिसीवर मोबाइल तुमचा टाका, धाकट्याचा नको."