उद्यमनगरातला नकार

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचा खडखडाट जिथे जरा विरळ होतो, तिथे मिस्त्रींचं गॅरेज आहे. जुन्या गाडीला टर्बो बसवायचं खूळ डोक्यात शिरलेली पोरं त्यांच्याकडे येतात आणि मिस्त्री त्यांना परत पाठवतात. तपासणीचे दोनशे रुपये घेऊन.

मी गेलो तो भाच्यापायी. त्याने २००२ सालची झेन घेतली होती. मिस्त्रींनी ‘या, बसा’ म्हणायच्या आत बॉनेटवर तळहात टेकवला.

“गरम करून आणलीसा व्हय?”

“अहो, चालवतच आणली.”

“ऱ्हाऊ दे हितंच. सकाळी या.”

गरम इंजिन म्हणजे वकिलाने पढवून आणलेला साक्षीदार, असं त्यांचं मत. खरं काय ते थंड इंजिन पहिल्या दहा सेकंदांत बोलून जातं. जाता जाता त्यांनी दार उघडून क्लचच्या पेडलवर बोट फिरवलं. “मीटर ७४,००० म्हणतंय. रबर दोन लाख म्हणतंय.” भाच्याचा चेहरा पडला. मिस्त्रींचा खुलला.

सकाळी ते चहाची बशी घेऊन सायलेन्सरमागे उकिडवे बसले. निळा धूर आला तर ऑइल जळतंय, पांढरा हटेचना तर पाणी आत जातंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. थोडी वाफ निघाली आणि विरली. मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवलं. दुधाळ साका नाही. तेच झाकण चालू इंजिनावर नुसतं टेकवून ठेवलं, तर ते थरथरलं, पण उडालं नाही. आता ते उघडच नाराज दिसायला लागले.

मग कॉम्प्रेशन. त्यासाठी इंजिन चांगलं गरम केलं. (काल नको होतं, आज हवं होतं. विचारायची माझी छाती झाली नाही.) चारही प्लग काढले, गेज लावला आणि भाच्याला अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारायला लावलं. १७८, १८०, १७६, १८१. आकडा मोठा असून भागत नाही, चौघांचं आपसात पटलं पाहिजे. फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. आदल्या आठवड्यात एका गाडीचे तीन सिलिंडर १७० वर आणि चौथा १२० वर होता म्हणे. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं तर तो १५५ वर चढला. म्हणजे रिंगा गेल्या. आकडा हललाच नसता तर संशय व्हॉल्व्हवर, नाहीतर हेड गॅस्केटवर. टर्बोने नुसता अर्धा बार दाब वाढवला तरी सिलिंडरमध्ये जवळपास दीडपट हवा कोंबली जाते. झिजलेल्या रिंगा ती काय धरणार? पण त्या गाडीचा मालक पोरगा हट्टाला पेटलेला. “पॉवर तर वाढंल न्हवं?”

“वाढंल की. निम्मी चाकाला, निम्मी ऑइलच्या चेंबरला.”

आमच्या झेनच्या सिलिंडरांत मिस्त्रींनी शेवटी कॉम्प्रेसरने हवा भरली. सायलेन्सरला कान लावला, डिपस्टिकच्या नळीला लावला, रेडिएटरमध्ये बुडबुडे शोधले. कुठेच काही नाही. मग ते फळीकडे गेले. तिथे जपानच्या ६६० सीसीच्या गाडीतून निघालेला एक टर्बो धूळ खात पडला होता. त्याचं चाक त्यांनी बोटाने एकदा फिरवलं, फुंकर मारली आणि परत होता तसा ठेवला.

“मिस्त्री, बसतोय ना मग?” भाच्याला दम निघेना.

“बसतोय की.” मिस्त्री हात पुसत बराच वेळ गप्प राहिले. “पर एवढं चांगलं इंजिन हाय. त्याला टर्बो कशाला पायजे?”

“मग कसल्या इंजिनाला बसवायचा?” मीच विचारलं.

दोनशे रुपये मोजून खिशात घालत मिस्त्री म्हणाले, “त्येच हुडकाय लागलोय. अकरा वर्सं झाली.”