येथे डोंगर पुसून मिळतील

पावसाळा लागला की आपल्या ओळखीतल्या एका तरी गृहस्थाच्या गाडीच्या डिकीत लाल जॉर्जेटचा एक अवाढव्य गाऊन येऊन पडतो. गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, नोकरीतून लवकर मोकळे झालेले, मुलं परदेशी. गाऊन वहिनींचा नाही, हे वहिनींना पक्कं ठाऊक असतं. तो मॉडेलचा. त्या रविवारी जी मॉडेल येईल तिचा. म्हणून पाठीमागे नाड्या असतात, सगळ्या मापांना पुरतील अशा. या गृहस्थांना आपण लेन्सराव म्हणू.

लेन्सराव वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. मॉडेलचे ठरलेले पैसे ते आगाऊ देतात, तिच्या आईलाही गाडीत घेतात, गाणी किशोरकुमारची लावतात. त्यांचं दुखणं वेगळं आहे. त्यांना स्टुडिओ चालत नाही. मॉडेलच्या मागे निसर्ग हवा आणि तोही अंगावर येणारा. मग कधी सांधण दरी, कधी कच्छचं पांढरं रण. कासवर मात्र त्यांचा राग आहे. तिथली फुलं जेमतेम घोट्याएवढी. मॉडेल उभी राहिली की ती चौकटीत येत नाहीत, आणि फुलांत आडवं व्हायला कुणी देत नाही.

त्यांचं खरं प्रेम नाणेघाटावर. भर पावसात कोकणातून येणारा वारा तिथल्या कड्यावर असा आपटतो की खाली पडणारं पाणी उलटं वर उडतं. लेन्सराव पुण्याहून पहाटे तीनला निघतात, कारण 'लाइट'. जुलै महिन्यात नाणेघाटात लाइट म्हणजे काय, हे मी एकदा विचारलं होतं. उत्तरादाखल त्यांनी आभाळाकडे बघून डोळे बारीक केले.

वर पोचल्यावर मॉडेल आडोशाला जाऊन गाऊन चढवते, आई छत्री धरते. भाचा रिफ्लेक्टर उघडतो आणि त्याच क्षणी त्या रिफ्लेक्टरचं शीड होतं. गाऊनही धबधब्याचाच नियम पाळतो. लेन्सरावांना तो मागे लहरायला हवा असतो. तो वर जातो आणि मॉडेलच्या डोक्याभोवती गुंडाळला जातो. आतून आवाज येतो, ‘सर, झालं का?’ ‘भाऊ, तिला थंडी वाजतेय,’ असं आई म्हणते. पण खरा घाव घालतो तो भजीवाला : ‘काका, मुलीला शाल तरी द्या!’ मुलीला! लेन्सराव पुढची दहा मिनिटं कुणाशी बोलत नाहीत.

आणि मग धुकं फाटतं. समोर जीवधन उभा राहतो, शेजारी वानरलिंगीचा सुळका. कणसं खाणारे ट्रेकरसुद्धा गप्प होतात. लेन्सराव बॅग उघडतात, वाइड अँगल लेन्स बाजूला सारतात आणि ८५ मिलिमीटरची, एफ/१.४ वाली प्राइम लेन्स चढवतात. पडदा पूर्ण उघडा. दोन मीटरवरून या लेन्सला जेमतेम चार-साडेचार सेंटिमीटर खोली धारदार दिसते. म्हणजे डोळ्यावर फोकस धरला तर कान धूसर होतो. कानाची ही गत, तिथे जीवधनाची काय कथा?

‘सर, मागचा किल्ला येतोय ना?’ मॉडेल विचारते. ती या धंद्यात मुरलेली आहे. उजेड कुठून येतोय हे तिला लेन्सरावांच्या आधी कळतं.

‘येतोय ना. लोण्यासारखा येतोय!’

इथल्या लेण्यात नागनिका राणीच्या शिलालेखात यज्ञांत दिलेल्या दानाचे आकडेसुद्धा कोरून ठेवले आहेत. लेन्सराव काहीच मोजत नाहीत. कार्ड भरेपर्यंत बोट दाबून धरतात.

गंमत म्हणजे त्यांच्या दिवाणखान्यात फोटो आहे एडवर्ड वेस्टनचा. वेस्टनने १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या ओशेनोच्या वाळूच्या टेकड्यांवर कॅरिस विल्सनची नग्नचित्रं काढली. कॅमेरा आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हचा, उचलतानाच घाम फुटावा असा. त्याआधी १९३२ मध्ये अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, इमोजेन कनिंगहॅम वगैरेंबरोबर त्याने जो गट काढला त्याचं नावच एफ/६४. पडदा बारीकात बारीक करायचा आणि जवळच्या खड्यापासून क्षितिजापर्यंत सगळं लख्ख दाखवायचं, हा त्यांचा बाणा. लेन्सराव या गटाचे निस्सीम भक्त आहेत. पाहुण्यांना ते सोफ्यावर बसवून एफ/६४ समजावून सांगतात, आणि मग लॅपटॉप उघडून स्वतःचे एफ/१.४ चे फोटो दाखवतात. मधल्या विसंगतीवर बोट ठेवण्याचा हक्क फक्त वहिनींना आहे. त्या चहा ठेवता ठेवता म्हणतात, ‘यातला नाणेघाट कुठला हो? हा हिरवा डाग की तो करडा?’

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला, ‘मॉन्सून क्वीन, नाणेघाट’ अशा ओळीसह. मॉडेल खरोखर सुरेख आली होती. ते श्रेय लेन्सरावांना द्यायलाच हवं. खाली पहिली प्रतिक्रिया तळमजल्यावरच्या आजोबांची : ‘छान. आपल्या जॉगिंग पार्कला हिरवळ चांगली धरली आहे यंदा.’

लेन्सराव खचले नाहीत. जागा कमी पडली, असं त्यांचं निदान आहे. पुढचा बेत लडाखचा : पांगाँग सरोवर, उंची चार हजार मीटरच्या वर, लांबी सुमारे १३४ किलोमीटर. गाऊन धुऊन वाळत घातलाय, मॉडेलच्या आईला उंचीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवायला सांगितलंय. एवढं मोठं तळं एफ/१.४ ला नीट पुसलं जाईल की नाही, ही शंका मात्र त्यांना होती. म्हणून परवा त्यांनी एफ/१.२ ची लेन्स घेतली, हप्त्यांवर.